मोजणीबाईंचा तारा

वेधशाळेत सगळे त्यांना मोजणीबाई म्हणत आणि पाठीमागे संशयबाई. दोन्ही नावं रास्त होती. दुर्बिणीतून घेतलेल्या वर्णपटांचे कागदी आलेख रोज सकाळी त्यांच्या टेबलावर येत आणि त्या पट्टी लावून लाल रेघेच्या शिखराची उंची मोजत. एकच तारा, एकवीस वर्षं. तापट, आणि स्वतःभोवती इतका गरगरणारा की कमरेपासून वायू उडून त्याचं कडं झालेलं. ती लाल रेघ त्या कड्याचीच.

बाईंचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. प्रत्येक आलेख त्या दोनदा मोजायच्या. दुसऱ्यांदा उलटा धरून, म्हणजे पहिला आकडा डोक्यात बसून फसवायला नको.

एप्रिलात शिखर जरा बुटकं आलं. मे महिन्यात आणखी. बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. यंत्राचा मेकॅनिक त्यांच्या मुलीचा सासरा. त्यानेच काहीतरी पिळलं असणार, म्हणून त्यांनी गुपचूप झाकणाला दोरा बांधला. महिनाभर दोरा जसाच्या तसा! उलट तो व्याह्यांनाच सापडला.

“विहीणबाई, मी भिंगावर फुंकरसुद्धा मारली नाही हो!” ते भडकले. “आधी स्वतःचा चष्मा तपासा.”

हा टोला वर्मी बसला. डोळे गेले की टेबल गेलं, आणि दुसरं काम त्यांना येत होतं कुठे? बाई घाबरल्या. डॉक्टरकडे काही गेल्या नाहीत. वहीत मात्र गेल्या वर्षीच्या उंच्या लिहू लागल्या.

ऑक्टोबरात साहेबांनी बोलावलं. चोराच्या मनात चांदणं, बाई बसल्यासुद्धा नाहीत. साहेबांसमोर दुसऱ्या वेधशाळेचं पत्र होतं.

“तुमच्या ताऱ्याने वायू टाकणं थांबवलंय म्हणे. कडं विरत चाललंय, रेघ कधीपासून उतरली ते विचारतायत. मी तुमची वही पाहिली, उन्हाळ्यात जराशी हलली, पण पुन्हा रेघ जिथल्या तिथे! त्यांचंच यंत्र बिघडलं असणार. तुमचा आकडा कधी चुकलाय का, बाई? तसं कळवून टाकतो.”

यंत्र, व्याही, स्वतःचे डोळे, बाईंनी एकालाही सोडलं नव्हतं. ताराच बदलला असेल, हे तेवढं सुचलं नव्हतं. त्यांना लाजेने रडू यायला लागलं. गप्प राहिलं असतं तर खपूनही गेलं असतं. साहेबांनी पेन उघडलं.

“लिहू नका,” त्या म्हणाल्या. “जूननंतरचे आकडे ताऱ्याचे नाहीत, साहेब. माझे आहेत.”