बातमीआधीचा खुलासा

पालिकेच्या जनसंपर्क विभागातल्या त्या गृहस्थांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. आम्हा पत्रकारांना ते चहा पाजतात, घरच्यांची चौकशी करतात. माझी आई लालबागला चाळीत राहते, तिचे गुडघे दुखतात, हे त्यांच्या बरोबर लक्षात असतं. बातमी कितीही झोंबली तरी रागावत नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त खुलासा पाठवतात, 'सदर वृत्त वस्तुस्थितीला धरून नाही.'

परवा आईच्या शेजारच्या चाळीत नळाला गढूळ पाणी येतंय, पोरं आजारी पडलीत, असं कळलं म्हणून मी जाऊन घरोघरी विचारून आले. परत निघताना बसस्टॉपवर उभी होते, तेवढ्यात मोबाइलवर त्यांचा खुलासा आला. लालबागमधल्या गढूळ पाण्याच्या वृत्तात तथ्य नाही, असं त्यात होतं.

ऑफिसातही मी अजून कुणाला बोलले नव्हते. त्यांना फोन लावला.

"साहेब, ही बातमी मी अजून लिहिलेलीच नाही."

ते नेहमीच्याच मायेनं म्हणाले, "मग नका ना लिहू, मॅडम. आणि आईंना पाणी उकळूनच द्या."