भाऊची न ऐकू आलेली ओळ

भूत, करणी, चकवा... यांवर माझा कधीच विश्वास बसला नाही. मी पेंटर माणूस. रंग कालवायचा, लावायचा, वाळला की पडदा गुंडाळायचा. पण पन्नासच्या दशकात पूर्व विदर्भातल्या वडशाला जे घडलं ते अजून गिळता येत नाही.

माझा मोठा भाऊ वामन तिथल्या झाडीपट्टीच्या नाटकात गायचा आणि त्याच नाटकमंडळीचे पडदे मी रंगवायचो. त्या हिवाळ्यात एका प्रवेशासाठी धबधबा हवा होता. भाऊ म्हणाला, "माह्यं गाणं आयक अन् त्याच्यावरच पाणी काढ. सूर चढला का पाणी चढव, उतरला का उतरव."

तांदळाच्या गोदामात रोज दुपारी तालीम चालायची. भाऊ पेटीवर गायचा, मी समोर ताणलेल्या कापडावर ब्रश फिरवायचो. खरंच जमू लागलं — तान आली की तुषार उडायचे, ठेक्यावर खडक बसायचे.

तिसऱ्या दिवशी अंतऱ्याची दुसरी ओळ आली आणि भाऊचा आवाजच येईना. ओठ हलत होते, पेटी वाजत होती... आवाज नाही. पुढच्या ओळीला पुन्हा सगळं नीट. पडद्यावर हातभर जागा कोरी राहिली.

"ते काऊन सोडलं?" भाऊने विचारलं.

"रंग संपला," मी म्हणालो.

तबलजीला बाजूला घेऊन विचारलं, तर त्याला ती ओळ स्वच्छ ऐकू आली होती. सगळ्यांनाच आली होती. आठ दिवस रोज तेच. अंदाजाने भरायला गेलो तर हात जागीच थिजायचा. शेवटी धीर करून म्हणालो, "भाऊ, ते ओळ गाळून टाक ना."

"येडा झाला का? तेच तं आयकाले लोक येतेत!"

मी परत रंग कालवायला बसलो.

रंगीत तालमीच्या दुपारी त्याच ओळीवर तबलजीचा हात थांबला. भाऊचे ओठ हलत होते, आणि आता कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. भाऊ गळा धरून माझ्याकडे बघत राहिला. पुढची ओळ आली तरी आवाज परतला नाही.

नागपूरच्या डॉक्टरने घसा तपासला, दोष नाही. पुजारी झाले, वैद्य झाले. माझे कानही तपासले — ठणठणीत. भाऊ पुढे बावीस वर्षं जगला, धान पिकवलं, पोरीचं लग्न केलं. एक शब्द बोलला नाही. योगायोग म्हणा, आजार म्हणा.

त्या हिवाळ्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या वेळी, भाऊने बांधावरच्या चिखलात काडीने लिहिलं — तुले आंधीच मालूम होतं का?

मी मान हलवली. नाई.

भाऊने काडी मोडून फेकली. मग पायाने अक्षरं पुसली आणि रोपं घेऊन बांधीत उतरला.