अक्षराच्या पोटातली हवा

माझं काम अक्षरं घडवण्याचं. कळसाडीत, कपाशीच्या शेताकडे उघडणाऱ्या खिडकीशी बसून मी कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवते. "पोर काय करस?" असं कुणी विचारलं की आई सांगते, "ती क काढस, मंग आखो क काढस." एकच क पुन्हा पुन्हा काढते मी, खोटं काय आहे त्यात?

गेलं वर्षभर मी एकाच माणसाचं अक्षर काढत होते. शहाद्याचे पेंटरचाचा. आमच्या भागातल्या निम्म्या ट्रॉल्या, दुकानं, रसवंत्या त्यांच्याच हाताच्या. जाड, गोल, कुठे टोक नाही, नखरा नाही. पाहिलं की "ये, बस" म्हणतंय असं वाटणारं अक्षर. लहानपणी एसटीच्या खिडकीतून ते वाचता वाचता माझा डोळा लागायचा आणि पुढचे बोर्ड मी झोपेतच वाचायची. आता चाचांचा हात थरथरतो, ब्रश सुटला. मला ते अक्षर जपायचं होतं. आणि चाचांनी त्याला आपलं म्हणावं, हे त्याहून जास्त हवं होतं.

चाचांची एक रीत होती. बोर्ड झाला की त्याच्याकडे तोंड करूनच चाळीस पावलं मागे चालायचं. तिथून नीट वाचता आला तरच खालच्या कोपऱ्यात सही करायची. दुसऱ्याच्या बोर्डावर त्यांनी कधी सही केली नाही, पोटच्या मुलाच्यासुद्धा नाही.

पहिला नमुना, "गरम चहा", मी फ्लेक्सवर छापून अंगणात बांधला. चाचा मागे मागे जात थेट कपाशीत शिरले. तिथूनच ओरडले, "बेटी, अक्षरना पोटमा हवाच नई शे!"

राग माझ्या नाकावरच असतो. सगळ्या रेषा मोजूनमापून सारख्या जाड केल्या होत्या मी! चार दिवस त्यांचा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी त्यांच्या एका जुन्या बोर्डाचा फोटो मोठा करून पाहिला. जिथे रेषा रेषेला भेटायची, तिथे चाचांचा ब्रश गुपचूप बारीक होत होता, म्हणून अक्षराचं पोट मोकळं राहत होतं. मुकाट्याने पुन्हा क पासून सुरुवात केली.

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत एका चहावाल्याच्या टपरीवर नवा फ्लेक्स बांधला. सकाळची वेळ, तापीवरून धुकं सरकत आलेलं. घोडे त्यातून यायचे आणि त्यातच विरघळायचे. टापा तेवढ्या ऐकू यायच्या. आपण अजून अंथरुणातच आहोत की काय, असं मला वाटत होतं. चाचा मागे चालू लागले. आधी चेहरा गेला, मग पांढरी टोपी. एवढ्या धुक्यात कसलं वाचणार, म्हणून माझं मन खट्टू झालं.

चाचा परत आले. पिशवीतून लाल रंगाची डबी आणि बारीक ब्रश काढला. घरूनच घेऊन निघाले होते तर! डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरून ते फ्लेक्सच्या कोपऱ्याशी वाकले. मी फ्लेक्स ताणून धरला. सही वाकडीतिकडी उमटली.

"चहा सांग आते," ते म्हणाले.

मी चहावाल्याला नुसती दोन बोटं दाखवली.