हरेशची गाडी माझ्याच दारात सुरू व्हायची

सेल्फ मारला आणि गाडी लगेच सुरू झाली. हरेशने कपाळाला हात लावला.

"मावशी, आईशप्पथ सांगतो, सकाळी अर्धा तास मारत होतो. हूं नाय की चूं नाय."

दहा वाजले होते. भावाच्या टेम्पोला दोर बांधून त्याने गाडी माझ्या तळवलीच्या गॅरेजपर्यंत ओढत आणली होती. आठवड्यातली तिसरी वेळ. तिन्ही वेळा माझ्या दारात आली की शहाण्या मुलीसारखी सुरू.

हरेश बाजूच्याच गावातला. तळोज्याच्या कंपनीत पहिल्या पाळीला जातो. गाडी तिशीला टेकलेली, कार्बोरेटरवाली. दोन लेट मार्क झाले होते. तो म्हणाला, "रविवारी भंगारवाला येतोय. तोपर्यंत झाली तर झाली. आई रडून घर डोक्यावर घेईल, पण काय करू?"

"रविवारला चार दिवस आहेत," मी म्हणाले. "गाडी ठेव आणि रिक्षाने जा."

माझी शाळा चौथीपर्यंत. बाकीचं नवऱ्याला पाने देता देता शिकले. पुढे पाने देणारा तो झाला आणि गाडीखाली मी. असो.

आमच्याकडची थंडी म्हणजे काय, लोक स्वेटर घालायला मिळतो म्हणून खूश होतात. पण जुन्या इंजिनाला तेवढीही कळते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. त्यासाठी चोक असतो. स्टिअरिंगखाली एक मूठ असते, ती ओढली की इंजिनात हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. हरेशची बायको त्या मुठीला पर्स अडकवायची. मला वाटलं, सापडलं! केबल अर्धवट ओढलेली राहून जादा पेट्रोलने प्लग भिजत असणार. मी पर्स काढून त्याच्या हातात दिली, केबलला तेल दिलं, प्लग साफ केले, बॅटरी चार्ज केली. इंजिन फार मळलेलं होतं, म्हणून ओल्या फडक्याने पुसून हवा मारली. रात्रभर गाडी उघड्यावर ठेवली. सकाळी सहाला एका सेल्फमध्ये सुरू.

मी हरेशला मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "पर्स खांद्याला लावायची असते."

शुक्रवारी सकाळी त्याचा फोन. "मावशी, पर्स कपाटात आहे. गाडी बंदच आहे."

तोरा उतरला. चोक ठीक, बॅटरी ठीक, माझ्याकडे चालते, त्याच्याकडे नाही. मग त्याच्याकडेच जाऊन बघायला हवं होतं. शनिवारी पहाटे साडेपाचला माकडटोपी घालून मी त्याच्या अंगणात हजर.

हरेशची आई जनाबाई पायरीवर शाल पांघरून बसलेली. माझ्याच वयाची, पण आवाज माझ्याहून मोठा. "वावर गेला, त्याच्या पैशातून ही गारी आली. आता हिला पन भंगारात देतो हा. तू काय करतीस का नुसती टोपी घालून आलीस?"

"बघते," मी म्हणाले. "जरा गप्प बस."

हरेशला गाडीत बसवलं आणि अंगणातला दिवा बंद करायला लावला. बोनेट उघडलं. ही जुनी युक्ती आहे. प्लगला करंट नेणाऱ्या जाड वायरी असतात. करंट मध्येच कुठे गळत असेल तर उजेडात दिसत नाही, अंधारात दिसतो.

"मार सेल्फ."

इंजिन गुरगुरलं. आणि वायरींवर निळ्या ठिणग्या नाचायला लागल्या. एका वायरीवर नाही, सगळ्यांवर. दिवाळीच होती.

मी म्हणणार होते की सापडलं, पण माझ्याआधी जनाबाईच ओरडली, "दिसली! दिसली! ती बघ दृष्ट! निंगाली भायेर!"

"अगं, तो करंट आहे."

"करंट कसला? त्या शेजारणीची नजर हाय ती! सुने, तांब्या आन!"

सून तांब्या आणेपर्यंतही तिला दम धरवेना. तुळशीमागे एक कळशी होती, तिच्यातच तिने आंब्याची डहाळी बुडवली आणि सपकन मारली. अर्धं पाणी इंजिनावर, अर्धं माझ्या तोंडावर. तोंड उघडंच होतं.

खारट!

मी थुंकले. "जनाबाई, हे पाणी कुठलं?"

"खारीचं. दर्याच्या पान्यासमोर दृष्ट टिकत नाय."

"रोज मारतेस?"

"मग? थंडी सुरू झाली तवा गारी एकदा अडली. तवापासून रोज पहाटे, हा उठायच्या आधी, झाकन उघरून मारते. पयले चार थेंब मारायची. अडायला लागली तशी वाढवली."

हरेश गाडीतून डोकं काढून म्हणाला, "आई, तू माझ्या इंजिनात रोज खाडी ओततेस?"

"तुझ्या भल्यासाठीच ना!"

सगळं जुळलं. पाणी सुकलं की वायरींवर मीठ राहतं. पहाटे दव पडलं की मीठ ओलं होतं, आणि ओल्या मिठातून करंट पळतो. प्लगपर्यंत पोचतच नाही. माझ्याकडे गाडी यायची दहा वाजता, उन्हात. मीठ सुकलेलं. एकदा रात्रभर राहिली तर मी आधीच सगळं पुसून ठेवलेलं. पहिल्यांदा गाडी अडली ती पर्समुळे असेल. पुढचे सगळे दिवस जनाबाईमुळे.

गोड्या पाण्याने वायरी धुतल्या. सुकवायला सुनेचा हेअर ड्रायर घेतला. हरेशने चोक ओढला, सेल्फ मारला. गाडी सुरू.

जनाबाई टाळी वाजवून म्हणाली, "बघितला! पान्यानीच गेली दृष्ट!"

हरेश बोलायला गेला. मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. या बाईला करंट समजावत बसले असते तर माझी पण दृष्ट काढली असती.

"जनाबाई," मी म्हणाले, "तू जागा चुकतेस. दृष्ट पुढून लागत नाही. पुढून बघणाऱ्याला आपण बघतो ना? लागते ती पाठून. गाडी पुढे गेली की लोक पाठून बघतात."

तिने विचार केला. "खरा हाय. ती शेजारीन पाठूनच बघते."

"मग पाणी पाठी मार. बोनेटला हात लावायचा नाही."

हरेश पावणेसातला पाळीवर पोचला. रविवारी भंगारवाला आला, त्याला जनाबाईने फाटकातूनच परत पाठवलं. त्याच्याही पाठीवर म्हणे डहाळी मारली.

तेव्हापासून दुखणं ऐकताना मी गाडीला कोण हात लावतं ते आधी विचारते. ज्याची गाडी आहे त्याला ते माहीत नसतं, म्हणून घरी जाऊन विचारते.

हरेशची गाडी आता रोज पहाटे सुरू होते. मागचा बंपर मात्र गंजून त्याला भोक पडलंय. गेल्या महिन्यात तो वेल्डिंगला माझ्याकडेच आला होता.