एका वेळी एकच माणूस

संध्या करंदीकर लग्न होऊन बॉनला आली तेव्हा बर्फाचं कौतुक तिला खिडकीतून बघण्यापुरतंच होतं. रस्त्यावर उतरली की ती नवऱ्याचा, शिरीषचा, दंड घट्ट धरून चालायची. तीच बाई पन्नाशी उलटल्यावर पायात स्की चढवून आल्प्सचे डोंगर चढायला लागली, तेव्हा मराठी मंडळातल्या बायकांनी तोंडात बोटं घातली.

कारण होतं तिची लेक. अन्वी म्युनिकला शिकायला गेली, डोंगरवेडी झाली आणि फोनवरचं बोलणं आटत गेलं. "तिच्याशी बोलायचं तर तिच्याच वाटेनं चढायला हवं," असं म्हणत संध्याने हिमस्खलनाच्या कोर्सला नाव घातलं. तिथे गळ्यात अडकवायचं यंत्र मिळालं. बर्फाखाली गाडल्या गेलेल्या माणसाच्या यंत्राचा माग ते काढतं. बाकीचे एकदोनदा सराव करून कॉफी प्यायला गेले. संध्याला मात्र चैन पडेना. घरी परतल्यावर ती शिरीषला ऱ्हाईनच्या काठी न्यायची. तो पाचोळ्यात दुसरं यंत्र लपवायचा आणि ही हुंगत हुंगत शोधायची.

"अहो, सोप्या जागी नको. आणखी खोल पुरा."

"आता काय विहीर खणू?" शिरीष म्हणायचा आणि तरी पुरायचा.

यंदा फेब्रुवारीत ती, अन्वी आणि अन्वीचा मित्र योनास आल्गॉयमध्ये एका डोंगरावर निघाले. वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ उत्तरेच्या उतारांवर कच्चा बसलाय, असं सकाळच्या इशाऱ्यात होतं. म्हणून त्यांनी सौम्य वाट निवडली. तरी वाटेत एक अरुंद, उभी घळ आडवी आलीच. जवळ पोचताच पायाखालचा बर्फ 'वूम्म' करून दबला. खालचा थर कच्चा असल्याची ती खूण ओळखून संध्या थांबली.

"मागे फिरू या."

"मामा, इस्ट डॉख नूअर कुर्त्स," अन्वी आईला जर्मनमध्ये म्हणाली. एवढीशी तर आहे, असं तिचं म्हणणं. योनासनेही मान डोलावली. दोघांपुढे संध्याचं चालेना.

"बरं. पण एका वेळी एकच माणूस. आणि बाकीच्यांनी त्याच्यावरची नजर हलवायची नाही."

योनास पार गेला. मग अन्वी निघाली. ती घळीच्या मध्यावर असताना वरचा बर्फ काचेसारखा तडकला आणि अख्खा उतार तिला घेऊन खाली सुटला. तिची लाल टोपी एकदा वर आली, एका एकट्या पाइनपाशी बुडाली. मग सगळं शांत.

किंकाळी संध्याच्या ओठांपर्यंत आली होती. ती तिने गिळली. वर आणखी काही सुटण्याजोगं उरलं नाही ना, हे नजरेने चाचपलं आणि यंत्र शोधावर टाकलं.

"योनास, एकशे बाराला फोन कर! आणि तुझं यंत्र शोधावर टाक!"

ती थेट त्या पाइनखाली उतरली. यंत्रावरचे अंतराचे आकडे उतरत होते. मध्येच चढले, तशी ती वळली. ती गुडघ्यांवर बसली, यंत्र बर्फालगत धरून हळूहळू फिरवलं. सगळ्यात कमी आकडा आला तिथे लांब काठी खुपसली. काही नाही. थोडं सरकून पुन्हा. काहीतरी मऊ, लवचिक लागलं.

काठी तशीच रोवून ठेवत, उताराच्या खालच्या अंगाने तिने फावडं घातलं. योनासही येऊन भिडला. हात भरून आले, श्वास पेटला, पण फावडं थांबलं नाही. आधी पाठपिशवी दिसली, मग मान. संध्याने हातांनी नाकातोंडातला बर्फ काढला. ओठ निळे पडले होते.

"अन्वी! श्वास घे, बाळा!"

एक खोल, खरखरीत श्वास आला. मग खोकला. मग शिवी, चोख बव्हेरियन. संध्या खो खो हसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसतच होती.

हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या डॉक्टरीणबाईंनी अन्वीला तपासलं. खांदा निखळला होता, बाकी धडधाकट. "हिला कोणी काढलं?" त्यांनी विचारलं.

"माइने मामा," अन्वी म्हणाली. तिने आईचा हात सोडला नव्हता.

एप्रिलमध्ये खांदा बरा झाल्यावर दोघी पुन्हा निघाल्या. बर्फ पक्का बसला होता, ऊन पसरलं होतं. माथ्याच्या क्रूसापाशी संध्या आधी पोचली. तिने दोन्ही हात वर केले आणि मागून धापा टाकत येणाऱ्या लेकीला ओरडून म्हणाली, "ये लवकर, इथून अख्खा आल्प्स दिसतोय!"