जावळाच्या दिवशीचं रडणं

आधीच सांगतो — मी या भुताखेताच्या भानगडींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. चौकात कोणी ठेवलेला उताऱ्याचा नारळ घरी आणून मी त्याची चटणी करून खाल्लेली आहे, आणि पोट साधं गुडगुडलंसुद्धा नाही. वणीत माझं ट्रकच्या वायरिंगचं दुकान आहे. दिवा लागत नसेल तर कुठंतरी तार तुटलेली असते, एवढंच मला कळतं. या पेजवरचे अनुभव मी चहा पिताना करमणूक म्हणून वाचायचो... आता स्वतःच लिहायला बसलोय. हसायचं तर हसा.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी मुलगी तन्वी तेव्हा नऊ महिन्यांची होती. तिचं जावळ काढायला आम्ही माझ्या सासुरवाडीला, मुकुटबनला गेलो होतो. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, म्हणून मेहुणा महिनाभर आधीपासून हवेत. पण आदल्या दिवशी तन्वीला पातळ जुलाब सुरू झाले. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवून येऊ. सासूबाईंनी तिच्या हिरडीवरून बोट फिरवलं आणि हसल्या.

“काही नाही जवाईबापू, दात येऊन राह्यले तिले. दाताचे जुलाब हायेत, आपोआप थांबतीन. पानी मात्र लय नोका पाजू, अजून पातळ होते.”

चार लेकरं वाढवलेली बाई. आमचं पहिलंच. जायफळ उगाळून चाटवलं आणि सगळे मंडपाच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लंगोट कोरडा. जुलाब थांबले म्हणून सगळे खूश! न्हावी आला, तन्वी मामाच्या मांडीवर बसली. वस्तरा लागला की पोरं घर डोक्यावर घेतात, पण ही हूं नाही की चूं नाही. “लय गुणाची पोरगी हाये, बाप्पा!” असं जो तो म्हणत होता. डोक्याला ओली हळद फासली आणि तिला आतल्या खोलीत पंख्याखाली निजवलं.

दुपारी पंगत बसली. मी ओसरीत जेवत होतो, माझी बायको सुषमा वाढत होती. तेवढ्यात तन्वीचं रडणं ऐकू आलं. चांगलं खणखणीत, मागच्या अंगणातून. आवाज तन्वीचाच. बाप आहे मी, हजार पोरांत ओळखीन.

“आईनं घेतलं असंल तिले,” सुषमा म्हणाली आणि पुढं सरकली.

रडणं थांबेना. मी उठून मागं गेलो. तिथं चुलीपाशी सासूबाई पुऱ्या तळत होत्या, एकट्याच.

“काहून, काय झालं? पोरगी सुषमाजवळच हाये ना? समोरूनच तर आवाज येऊन राह्यला तिचा,” त्या म्हणाल्या.

मी तिथूनच मागं वळलो. कारण आता आवाज ना मागून येत होता, ना समोरून... तो घरातून येत होता.

मी आतल्या खोलीचं दार ढकललं. तन्वी पलंगावर तशीच पडलेली होती. डोळे अर्धे उघडे, खोल गेलेले. तोंड मिटलेलं. आणि रडणं चालूच होतं! त्याच खोलीत, माझ्या पाठीमागं, दाराच्या कोपऱ्यात. तेच हुंदके, श्वास घ्यायला मध्ये तसंच थांबणं. मागं वळून बघायची माझी हिंमत झाली नाही. 

मी तन्वीकडं वाकलो. डोक्यावरची हळद वाळून तडकली होती. पण टाळूच्या जागी एवढा खोल खड्डा पडला होता की तिथं ती अजून ओलीच साचलेली. हात उचलला तर भिजल्या फडक्यासारखा खाली पडला. मी तिला छातीशी धरलं — आणि मागचं रडणं एकदम बंद झालं. कोणी तोंडावर हात दाबावा तसं.

सासूबाई आडव्या आल्या, “पहिले नजर काढू द्या!” आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडलो. मेहुण्यानं गाडी काढली. वणीच्या रस्त्यावर पुढं कोळशाचे ट्रक, काचा बंद, सुषमा चमच्यानं पाणी ओठांना लावत होती आणि ते बाहेर ओघळत होतं.

“भाऊजी, रडली का ती?” मेहुण्यानं समोर बघतच विचारलं.

“हो,” मी म्हटलं, त्याला धीर यावा म्हणून. गाडीत तेच रडणं पुन्हा ऐकू आलं होतं, पण माझ्या मांडीवरच्या तन्वीचं तोंड मिटलेलं होतं.

दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. घडी तशीच उभी राहिली. लगेच सलाईन लावलं. मग आम्हाला फैलावर घेतलं — दात येतात म्हणून असे जुलाब होत नाहीत, आणि जुलाब लागले की पाणी तोडायचं नसतं, उलट ओआरएस पाजत राहायचं. लंगोट कोरडा म्हणजे पोर बरं झालं असं नाही, अंगातलं पाणीच संपलं. “शेवटचं कधी रडली?”

“जावळाच्याही आधी,” मी म्हटलं.

“नाही हो मॅडम, दुपारपासून सारखी रडून राह्यली होती,” सुषमा म्हणाली. “आत्ता गाडीतबी!”

मॅडमनी आमच्याकडं बघितलं. “या अवस्थेतल्या बाळाच्या तोंडून एवढा आवाज निघत नाही.”

संध्याकाळी तन्वी रडली. आवाज बारीक, घोगरा, पण डोळ्यांत पाणी होतं. आम्ही दोघंही तिच्याबरोबर रडलो.

कोणी म्हणेल, शेजारचं पोर असेल. त्या गल्लीत तान्हं मूल नव्हतं; मेहुण्यानं घरोघर विचारलं. मी स्वतःची समजूत घालायचो की तिचाच जीव आम्हाला हाका मारत होता. मग एकदा सुषमा म्हणाली, “तुमी त्या आवाजानं आत गेले. मी त्या आवाजानंच गेली नाही. वाटलं, रडून राह्यली म्हणजे बरी हाये, कोनाजवळ तरी हाये.”

तेव्हापासून मला कळेनासं झालंय... ते रडणं आम्हाला बोलवायला होतं, की गाफील ठेवायला? 

तन्वी आता घरभर पळते आणि खणखणीत रडते. पण रडण्याचा आवाज आला की आम्ही दोघंही आधी धावत जाऊन तिचं तोंड बघतो. ओठ हलताना दिसले, की मगच तिला उचलून घेतो.