तिच्या कपाळावरचा रुपया

मी एसटीत कंडक्टर होतो. जुन्नर–मढ, जुन्नर–आळेफाटा, मधूनच घोडेगाव, असं करत नोकरी संपली. बाकीचे कंडक्टर सुट्ट्या पैशांनी वैतागायचे, मला मात्र सुट्टे पैसेच हवे असत. टाकसाळीत चूक होऊन बाहेर पडलेली नाणी मी जमवतो. कुठं ठसा एका अंगाला सरकलेला असतो, कुठं दहाच्या नाण्याचा मधला गोल भलतीकडेच बसलेला असतो, कुठं एक बाजू नुसती गुळगुळीत. तिथं तपासायला माणसं असतात, तरी एखादं नाणं नजरेतून सुटतं आणि फिरत फिरत मढच्या गाडीत येतं.

तसं नाणं हाती लागलं की खिशातलं चांगलं नाणं बॅगेत टाकायचं आणि ते आपल्या खिशात घालायचं. रुपयाला रुपया, कुणाचं काही बुडत नाही. त्यासाठी सदऱ्याच्या खिशात सात-आठ नाणी कायम असत, आणि नोकरी सुटल्यावरही ती सवय सुटली नाही. लेण्याद्रीच्या पायथ्याशी नारळवाल्याच्या ताटलीतलं नाणं मी त्याच्या डोळ्यांदेखत बदललंय आणि त्याला पत्ता लागलेला नाही. बोटं तेवढी सराईत झाली होती. मला त्याचा अभिमान होता, हे आत्ताच सांगून टाकतो.

बायको घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी चालवायची. सुरुवातीला ती मला हसायची, बिघडलेल्या पैशाचं कसलं कौतुक म्हणायची. पण हळूहळू तीही बघायला लागली. बघायला म्हणजे बोटांनी. दळणाचे पैसे घेताना अंगठा फिरवायची आणि वेगळं लागलं की बाजूला ठेवायची. एकदा मी दुपारी ड्यूटीवरून आलो तर तिनं पीठ लागलेला एक रुपया माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"ह्यो बघा. दोनी बाजूंनी आकडाच हाय. पर एकीकडं खड्डा पडलाय."

एका बाजूला आकडा नेहमीसारखा वर आलेला. दुसऱ्या बाजूला सिंह असायला हवेत, तिथं तोच आकडा उलटा आणि आत खचलेला. आधीचं नाणं साच्यात अडकून राहिलं की पुढच्या नाण्यावर त्याचाच ठसा बसतो, तसं झालेलं. हे मी तोवर फक्त फोटोत पाहिलं होतं. मला जेवण गेलं नाही.

पुढं पुण्यात नाण्यांचं प्रदर्शन होतं, तिथं तो रुपया घेऊन गेलो. बायकोही आली होती, ठेवणीतलं लुगडं नेसून. जाणकार म्हणवणारी माणसं भिंग लावून रुपया बघत होती. कुठं मिळाला, असं एकानं विचारलं. मी म्हणालो, मढच्या गाडीत, माझ्याच बॅगेत. ती माझ्या शेजारी उभी होती. गिरणीत हिला सापडला, एवढं म्हटलं असतं तर माझं काय जाणार होतं? अजून मला याचं उत्तर देता येत नाही. लोक माझ्या नजरेची तारीफ करत होते आणि मला ती गोड लागत होती, एवढंच.

येताना गाडीत ती एवढंच म्हणाली की तो रुपया माझ्या देव्हाऱ्यात ठेवू द्या. मी म्हणालो, कुंकवानं डाग पडेल, नाण्याची वाट लागेल. ती बरं म्हणाली. त्यानंतर तिनं मला एकही नाणं दिलं नाही. मला वाटलं, गिरणीत आता तशी नाणी येत नसतील. असं वाटून घेणं सोयीचं होतं.

मग गिरणीच्या दारावर फोननं पैसे द्यायची पाटी लागली आणि नाणी खरंच यायची बंद झाली. पुढच्या वर्षी तिचं पोट दुखायला लागलं. दवाखान्यात मंचरहून आमची मुलगी येऊन राहायची. मी डबा घेऊन जायचो आणि परत यायचो. माझी एकुलती एक मुलगी, पण त्या दोघींचं काय बोलणं व्हायचं ते मी कधी विचारलं नाही. पाच महिन्यांत सगळं आटोपलं.

ती गेली त्या सकाळी घर माणसांनी भरलं होतं. बायकांनी तिला आंघोळ घातली, हिरवं लुगडं नेसवलं. रिवाजाप्रमाणे सवाष्णीच्या कपाळाला लावायला रुपया पाहिजे होता आणि एवढ्या गर्दीत कुणाकडे रुपया नव्हता. सगळ्यांचे पैसे फोनमध्ये. माझ्या खिशात नेहमीप्रमाणे सात-आठ होते, पण मला कुणी विचारलं नाही. मुलगी आत गेली आणि रुपया घेऊन आली.

उचलायच्या आधी मला म्हणाले, या, शेवटचं कुंकू लावा. मी खाली वाकलो आणि मला तो दिसला. खचलेला उलटा आकडा, त्यात कुंकू भरलेलं. पोरीनं घाईत माझं नाण्यांचं कपाट उघडलं असेल आणि हाताला लागला तो रुपया काढला असेल, असं माझ्या मनात आलं. तासाभरात तो आगीत जाणार. बायकोचा चेहरा माझ्या हाताखाली होता आणि माझं लक्ष रुपयावर होतं.

मी विचार केला असं म्हणणार नाही. बोटांनी केलं. खिशातला रुपया कपाळावर गेला, तिथला मुठीत आला आणि वरून मी भरपूर कुंकू लावलं. मागं कुणीतरी हुंदका दिला. मुलगी माझ्या दंडाला धरून उभी होती, तिलाही कळलं नाही.

दहाव्याला नदीकाठी मांडव होता. प्रवचन झालं, श्रद्धांजलीची भाषणं झाली. पुढाऱ्यांनीही माईक घेतला. पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. झाडावर तीन-चार बसलेले, एकही खाली येत नव्हता. मेव्हणा हात जोडून म्हणाला, गिरणी बंद पडू देणार नाही. तिची बहीण म्हणाली, पोरीकडं लक्ष ठेवू. काही होईना. ऊन चढलं, लोक घड्याळं बघायला लागले. मग मुलगी पुढं झाली. ती पिंडाजवळ बसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"आई, तू दवाखान्यात मागितला व्हतास तो रुपया मी तुज्या कपाळाला लावलाय. तुजा तुज्यासंगं दिलाय. अप्पांनी बघितला, पर ते काय बी बोललं न्हाईत. आता मनात काय ठिऊ नको."

तिचं बोलणं संपतंय न संपतंय तोच कावळा खाली आला आणि त्यानं पिंडाला चोच मारली.

सगळा घाट रडला. मुलगी माझ्या गळ्यात पडली. खरं तर तिथंच सांगायला हवं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो. कावळा उपाशी होता म्हणून आला, असं मी स्वतःला सांगतो. पण बायको माझ्याकडून जिवंतपणी फसली आणि गेल्यावरही फसली, हे त्यानं बदलत नाही.

रुपया कपाटात खालच्या कप्प्यात आहे, कागदात गुंडाळलेला. खड्ड्यातलं कुंकू मी काढलेलं नाही आणि ते काढायचं धाडस मला होणार नाही. नदीत टाकायला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा परत घेऊन आलो. मी अजून असाच आहे. तो आता कुणाला दाखवता येत नाही, विकता येत नाही. मुलीला सांगावं तर आईला काय मिळालं आणि काय नाही, हे तिला जन्मभर टोचत राहील. न सांगावं तर ती सांगते ते ऐकावं लागतं.

कारण ती सगळ्यांना सांगते. आल्यागेल्याला, सासरच्या माणसांना, वर्षश्राद्धाला पंगत बसली तेव्हाही. अप्पांनी जन्मभर जपलेला रुपया एक शब्द न बोलता आईला दिला, म्हणते. लोक माझ्याकडे आदरानं बघतात. मी मान खाली घालतो, आणि ते हळू आवाजात एकमेकांना सांगतात, अजून सावरले नाहीत बिचारे.